"आलीस? बरं झालं!"



लहान तोंडी मोठा घास घेते आहे, म्हणून रागावू नका. मुलांनी शाळेत कसे वागावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. सुविचाराचा फळासुद्धा रोज तेच सांगतो. पण गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात काय केले म्हणजे मुलांना शाळेत यावेसे वाटेल, हे मुलांना सहसा कोणी विचारत नाही. या वेळी बाई म्हणाल्या, "भित्तिपत्रिकेसाठी निबंधाच्या पुस्तकातलं उतरवून आणू नका. तुम्हांला जे वाटतं ते लिहा." म्हणून जे वाटते तेच लिहिले आहे.

एका दिवसाची बाई

५ सप्टेंबरला आपल्या शाळेत शिक्षक दिन झाला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९६२ पासून आपल्या देशात हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी सातवीची मुले गुरुजी आणि बाई होतात. माझ्या वाट्याला तिसरीचा वर्ग आला.

आईची हिरवी साडी नेसून, हातात लाकडी रूळ घेऊन मी मोठ्या ऐटीत वर्गात शिरले. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, "शांत बसा." दहाव्या मिनिटाला ओरडले, "शांत बसा!" दुसऱ्या तासाला तर रूळ टेबलावर आपटला. पुढे बसलेल्या दोन मुली दचकल्या. वर्ग शांत झाला खरा, पण दाराजवळ बसलेला एक मुलगा हळूच दप्तर आवरायला लागला. मी विचारले, "कुठं निघालास रे?" तो खाली बघून म्हणाला, "घरी."

खरं सांगू का, त्याचे ते "घरी" ऐकून माझ्या पोटात कालवले. कारण एके काळी मीही अशीच दप्तर आवरून निघून गेले होते. ते पुढे सांगते.

रूळ मी कपाटावर ठेवून दिला आणि आजीने सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. अर्ध्यावर थांबले आणि विचारले, "आता कोल्ह्यानं काय केलं असंल?" मग काय! ज्याला त्याला सांगायचे होते. दप्तर आवरलेला मुलगाही म्हणाला, "बाई, त्यो मेल्याचं सोंग घिऊन पडला असंल!" त्याचे दप्तर परत खाली आले.

संध्याकाळी मी हे गुरुजींना सांगितले, तेव्हा गुरुजी हसले. म्हणाले, "अगं, गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' पुस्तकातल्या मास्तरांची पहिल्या दिवशी हीच गत झाली होती. चौथीच्या वर्गाला त्यांनी शांततेचा खेळ शिकवायला घेतला, तर मुलांनी गोंधळ घातला. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागले, तेव्हा मुलं हलेनात." एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलेल्या मास्तरांचे जे झाले तेच माझे झाले, याचा मला आनंद वाटला. पण त्याहून एक गोष्ट पटली. वर्ग धाकाने गप्प बसतो, पण मन घरी निघून जाते. वर्गात मन थांबवायचे तर काहीतरी दुसरे करावे लागते.

दाराजवळची जागा

आपल्या बालाघाटाच्या डोंगरातली निम्मी घरे दिवाळीच्या आगेमागे कुलुपे लावून ऊसतोडीला जातात, हे इथल्या पालकांना मी काय सांगावे! मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. लहान लेकरांना घरी ठेवायला कोणी नसले की लेकरेही ट्रकमध्ये बसतात. मी तिसरीत असताना अशीच गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा दीड वर्षाचा होता.

कारखान्याच्या तळावर आमची कोपी होती. जवळ एक शाळा होती. तिचे नाव मी सांगत नाही, कारण कोणाची बदनामी करायला हा लेख लिहिलेला नाही. दादांनी मला तिथे नेऊन बसवले. पहिला प्रश्न आला, "किती दिवस आहेस?" मी म्हणाले, "पट्टा पडेस्तोवर." सगळा वर्ग हसला, कारण कारखाना बंद होण्याला पट्टा पडणे म्हणतात हे त्यांना माहीतच नव्हते. मला दाराजवळ, चपलांच्या शेजारी जागा मिळाली. हजेरीत माझे नाव कधी आले नाही. कोणी हाक मारलीच तर "ए कोयता" अशी मारायचे.

मला तिथे कोणी मारले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण कोणी काही विचारलेही नाही. पंधरा दिवसांनी मी दप्तर आवरले आणि कोपीत भावाला सांभाळत बसले. आईला वाटले, पोरीला शाळेची गोडी नाही. गोडी होती हो! पण जिथे आपण आलो काय आणि नाही आलो काय, सारखेच, तिथे पाय कसा वळणार?

एप्रिलमध्ये गावी परतलो. आता शाळेतून नाव कमी झाले असणार असे वाटून मी चार दिवस शाळेकडे फिरकलेच नाही. पाचव्या दिवशी मैत्रिणीने ओढत आणले. बाई दारात उभ्या होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "आलीस? बरं झालं! तुझी जागा ठेवलीय." हजेरी झाली. माझे नाव पूर्वीच्याच क्रमांकावर होते. "कुठं होतीस इतके दिवस?" असे कोणी दरडावले नाही. त्या तीन शब्दांवर मी आज सातवीपर्यंत आले आहे. म्हणून या लेखाचे नावही तेच ठेवले.

माझे मत असे आहे की, चांगला वर्ग रंगवलेल्या भिंतींवरून ओळखू नये. सगळ्यात उशिरा आलेल्या आणि सगळ्यात मागे पडलेल्या मुलाला त्या वर्गात काय वाटते, त्यावरून ओळखावा. आता असा वर्ग करायला काय काय करता येईल, ते मला सुचले तसे सांगते. यातल्या पुष्कळ गोष्टी आपले गुरुजी आणि बाई करतातच. जिथे होत नसतील तिथे कराव्यात.

नावाने हाक मारावी

आईबापांनी बारसे करून नाव ठेवलेले असते. त्या नावाने हाक मारायला पैसा लागत नाही. कोणी "जाड्या", कोणी "तांड्यावालं", कोणी नुसता "सोळा नंबर" असे होऊ नये. सकाळी बाई दारात उभ्या राहून दोन शब्द बोलतात, "काय गं, आजीचा ताप उतरला का?" त्या दोन शब्दांनी दिवस सुरू होतो. गैरहजर मूल दुसऱ्या दिवशी आले की आधी "बरं झालं आलास" म्हणावे, कारण नंतर विचारावे. कारण विचारायचेही बाजूला घेऊन. चारचौघांत "काल का नाही आलास?" म्हटले की मूल खोटे बोलते. घरात पीठ नव्हते, बाप पिऊन आला होता, अंगावरचा सदरा एकच होता आणि तो वाळला नव्हता, हे सगळ्यांसमोर कोण सांगेल?

आपल्या वाचनपेटीत 'तोत्तोचान' हे पुस्तक आहे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी ते १९८१ साली लिहिले. ती पहिलीतली मुलगी एका शाळेतून काढून टाकलेली असते. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिला पहिल्या दिवशी म्हणतात, तुला जे सांगायचे असेल ते सांग, आणि चार तास तिचे ऐकत बसतात. चार तास कोणत्याच गुरुजींना मिळायचे नाहीत, ते मला कळते. पण वर्षातून एकदा प्रत्येक मुलाला दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे? तीस मुलांचे तीनशे मिनिटे होतात. रोज मधल्या सुट्टीत एकेक मूल घेतले तर तीस दिवसांत वर्ग संपतो.

जागा फिरत्या असाव्यात

पुढे बसणारी मुले पुढेच बसतात आणि मागची मागेच. मागे बसणाऱ्याला फळा नीट दिसत नाही आणि गुरुजींना तो दिसत नाही. आमच्या वर्गात पाचवीपासून दर सोमवारी जागा बदलतात. गोष्टीच्या आणि चर्चेच्या तासाला बस्कर उचलून सगळे गोल बसतात. गोलाला मागची रांग नसते. सुरुवातीला आम्ही कुरकुर केली, कारण आम्हांला मैत्रिणी सोडवत नव्हत्या. पण आता मी वर्गातल्या प्रत्येकाच्या शेजारी बसलेली आहे. कोणाचे अक्षर सुंदर आहे, कोणाला भूमिती पटकन सुचते, कोणाला दूरचे दिसत नाही, हे मला माहीत झाले. एका मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, हे शेजारी बसणाऱ्यांच्याच आधी लक्षात आले. पुढे त्याला चष्मा मिळाला. त्याआधी सगळे त्याला ढ म्हणत होते.

उत्तराला वेळ द्यावा

प्रश्न विचारला की तेच चार हात वर होतात. बाकीचे निवांत असतात, कारण त्यांना माहीत असते की आपल्यावर पाळी येणार नाही. यावर आमच्या बाईंनी साधी युक्ती केली. एका डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. बाई आधी प्रश्न विचारतात, मग मनात पाच अंक मोजतात, मग शेजाऱ्याशी बोलायला सांगतात आणि त्यानंतर चिठ्ठी काढतात. शेजाऱ्याला एकदा सांगून झालेले उत्तर वर्गाला सांगायला तेवढी भीती वाटत नाही. आणि आलेच नाही, तर "पुढच्या चिठ्ठीला परत विचारा" असे म्हणायची सोय आहे.

चुकलेल्या उत्तराचेही तसेच. दुसरीतल्या एका मुलाने ४२ वजा १७ बरोबर ३५ असे लिहिले. दुसरे कोणी असते तर लाल काट मारून मोकळे झाले असते. गुरुजींनी विचारले, "कसं काढलंस ते सांग बरं." तो म्हणाला, "सातातनं दोन गेले, पाच राहिले. चारातनं एक गेला, तीन राहिले." म्हणजे त्याला वजाबाकी येत होती. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने मोठ्यातून लहान वजा केला होता. गुरुजींनी तुरीच्या काड्या आणल्या. दहा-दहाच्या चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या दिल्या. म्हणाले, "यातल्या सतरा मला दे." सुट्या काड्या पुरेनात, तेव्हा त्याने एक मोळी सोडली. दहा आणि दोन मिळून बारा झाल्या, त्यातल्या सात दिल्या, उरल्या पाच. राहिलेल्या तीन मोळ्यांतली एक दिली, उरल्या दोन. पंचवीस! तो इतका मोठ्याने ओरडला की शेजारच्या वर्गातून आम्ही बघायला आलो. काट मारली असती, तर आपण चुकलो एवढेच त्याला कळले असते. कुठे चुकलो ते कळले नसते.

घरच्या बोलीला हसू नये

आता माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्याच्या चुका लिहायच्या आणि आपली लपवायची, हे बरोबर नाही.

पाचवीत आमच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात डबा उघडताना ती भाकरीला "बाटी" म्हणाली आणि आईला "याडी". सगळ्यांत आधी हसले कोण, तर मी! मला "कोयता" म्हणायचे तेव्हा कसे वाटायचे, ते मी दोन वर्षांत विसरून गेले होते. माझे बघून वर्ग हसला. ती दहा दिवस शाळेत आली नाही.

बाईंनी मला मारले नाही की रागावल्या नाहीत. मला बरोबर घेऊन तांड्यावर गेल्या. तिच्या याडीने आम्हांला चहा केला. मला तो चहा गिळवेना. परत आल्यावर बाईंनी वर्गात एक मोठा कागद लावला. एका बाजूला पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला आपल्या गावाकडचा शब्द आणि तिसऱ्या बाजूला तांड्यावरचा. तिसरी बाजू भरायचे काम तिला दिले. महिनाभरात कागद भरला आणि दुसरा लावावा लागला. जी मुलगी तोंड उघडत नव्हती, ती आमची गुरू झाली. आज ती माझी जिवलग मैत्रीण आहे आणि पुस्तकातली मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते.

ही पायवाट पूर्वी थोर बायकांनी पाडून ठेवली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी चालले. महागडी खेळणी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने त्यांनी केली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने चार पावले पुढे यावे, असे त्यांचे काम सांगते.

नियम सगळ्यांचे, कामे सगळ्यांची

वर्गाचे नियम गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले की ते गुरुजींचे होतात. जूनमध्ये मुलांना विचारून केले की वर्गाचे होतात. आमच्या वर्गाने पाचच नियम केले आहेत. एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याने बोलायचे नाही, कोणाच्या चुकीला हसायचे नाही, असे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, गुरुजींचीही आहे. तासाला मोबाईल वाजू द्यायचा नाही, हा नियम आम्ही खास गुरुजींसाठी घातला. एकदा तो वाजला. गुरुजी काही बोलले नाहीत. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी फळा त्यांनी पुसला. त्या दिवसापासून नियम मोडायची आम्हांलाच लाज वाटते.

कामांचेही तसेच आहे. घंटा, पाणी, वाचनपेटी, झाडे, पोषण आहाराची वाढणी यांच्या पाळ्या असाव्यात. पण घंटा मुलांकडे आणि झाडू मुलींकडे, ही वाटणी मला मान्य नाही. झाडू हातात धरल्याने मुलाचा हात झिजत नाही, आणि घंटा वाजवायला मुलीच्या हातात पुरेसा जोर असतो. ज्याला अभ्यासात कोणी शाबास म्हणत नाही, त्याला आधी काम द्यावे. तो रोज वेळेवर येईल, कारण तो आला नाही तर घंटा वाजणार नाही.

काही जणांचे म्हणणे

आमचे आबा म्हणतात, "आमच्या वेळी मास्तर छडीनं फोडून काढायचे. म्हणून तर पाढे अजून पाठ हायेत." मी विचारले, "आबा, तुमच्या संगट पहिलीत किती पोरं होती?" आबा म्हणाले, "असतील तीसभर." मी विचारले, "आन् चौथीला किती राहिली?" आबा बोटे मोजायला लागले. सात! मी म्हणाले, "छडीनं सात जणांना पाढे आले, ते तुम्ही सांगता. तेवीस जण पळून गेले, त्यांचं कोण सांगणार?" आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यात माझा थोरला भाऊबी व्हता."

आता तर कायदाही आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमात मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे. २९ व्या कलमात मुलाला भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे असे म्हटले आहे. ९ व्या कलमात तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. मी तिसरीत असताना हे मला ठाऊक असते, तर दाराजवळून उठून पुढे जाऊन बसले असते!

दुसरे म्हणणे असे की, गुरुजींना वेळ कुठे आहे? हे म्हणणे खोटे नाही. कुठे कुठे दोन गुरुजी आणि चार वर्ग असतात. शिवाय निवडणूक, जनगणना, नाना याद्या. गुरुजी माहिती भरत बसले की आम्ही गोंधळ घालतो आणि मग ते चिडतात. त्यांचे ओझे कमी झाले पाहिजे, असे आम्हां मुलांनाही वाटते. पण वर मी जे सांगितले त्यात नाव, जागा, चिठ्ठ्या, काड्या आणि एक कागद एवढेच लागते. शिकवणे चालू असतानाच हे होते. उलट मुलांचे मन लागले की शांत बसा म्हणण्यात जाणारा वेळ वाचतो. हे मी एका दिवसाच्या अनुभवावरून सांगते आहे, पण तो अनुभव खरा आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहून काढत. शिकवून थकल्यावरही मुलांसाठी ते लिहायचे. आपली ही भित्तिपत्रिका म्हणजे त्याच घराण्यातली. म्हणून मला वाटते, मुलांनीही गुरुजींना उद्देशून हिच्यात लिहायला काही हरकत नसावी.

आता दिवाळी जवळ आली

पालकहो, आता तुम्हांला विनंती करते. थोड्याच दिवसांत मुकादमाचे ट्रक येतील. माझ्या एकट्या वर्गातून गेल्या साली नऊ जण गेले होते. त्यातले सात परत आले. दोघे आलेच नाहीत. एक आता बापाबरोबर पूर्ण कोयता धरतो असे कळले. तो माझ्याच वयाचा आहे. दुसरीचे लग्न ठरल्याचे बोलतात. हे लिहिताना माझा हात थांबतो. ती पेटी वाजवायची आणि परिपाठाची प्रार्थना तीच सांगायची.

म्हणून ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी लेकरांना इथेच ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. तिथे मुलांना जेवण मिळते आणि शाळा बुडत नाही. त्या समितीत पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तेव्हा "आमचं कोण ऐकणार?" असे म्हणू नका. ट्रक यायच्या आधी बैठकीला या आणि नावे द्या.

ज्यांना न्यावेच लागेल, त्यांनी जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि तिथल्या शाळेत दाखवा. बिनसांगता रातोरात निघून जाऊ नका. आम्हांला तुमच्या मुलांचा निरोप घ्यायचा असतो.

गुरुजी आणि बाईंना विनंती आहे की, जाणाऱ्या प्रत्येकाला एक वही द्यावी. तिच्यात पुढचे धडे, थोडी गणिते आणि वर्गातल्या सगळ्यांनी लिहिलेले एक पत्र असावे. त्याची जागा आणि हजेरीतले नाव तसेच राहू द्यावे. तो परत आला की पहिल्या आठवड्यात त्याची परीक्षा घेऊ नये. त्याला एक जोडीदार द्यावा आणि आधी त्यालाच विचारावे, की तू काय काय बघून आलास? उसाची मोळी किती किलोची असते, वजनकाटा कसा चालतो, गाडीत किती टन बसतात, हे त्याच्याइतके वर्गात कोणाला येते? मग गणित तिथूनच सुरू करावे.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्यालाही एक सांगायचे आहे. वर्ग फक्त गुरुजींनी चांगला होत नाही. हसणारे आपणच असतो. मी हसले होते, ते वर लिहिलेच आहे. एप्रिलमध्ये कोणी अंगावर पाचटाचे ओरखडे घेऊन, पाढे विसरून दारात उभा राहील, तेव्हा गुरुजी फळ्याकडे तोंड करून असतील. त्या वेळी दारात कोणीतरी उभे पाहिजे. ते आपण असू.

या लेखाखाली मी एक कोरा कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लावली आहे. यंदा जो जो ऊसतोडीला जाणार आहे त्याने त्यावर आपले नाव लिहावे. जो त्याचा जोडीदार होईल त्याने शेजारी आपले लिहावे. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांनी आपल्या लेकराकडून हा लेख वाचून घ्यावा आणि अंगठा उठवला तरी चालेल. पट्टा पडल्यावर हा कागद घेऊन आम्ही शाळेच्या दारात उभ्या राहू आणि एकेक नाव बघून म्हणू, "आलास? बरं झालं!"



— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी